उभ्यानं झालेली सभा

“आपण बसतो, म्हणून कामंही बसतात! यापुढे सभा उभ्यानंच होईल,” अशी ऐतिहासिक घोषणा करून अक्कलकुव्याकडच्या पाच गावांच्या शाळा कमिटीचे नवे अध्यक्ष खुर्चीत बसले. साल १९३१. शाळा मंजूर झाली होती एक आणि हटून बसलेली गावं दोन. अध्यक्षांनी नियम केला, जो आधी बसेल त्याच्या गावाची मागणी रद्द.

दुपार कलली तसे नवल पाटलाच्या पोटऱ्यांत गोळे आले. ‘शाळा घेऊनच येतो,’ असं तो गावाला सांगून निघाला होता. समोर दुसऱ्या गावाचे सत्तरीचे लोटनआप्पा मात्र दगडासारखे उभे.

“आप्पा, बसी जा ना. आते तुम्हनं उभं ऱ्हावानं वय शे का?”

आप्पा नुसते रोखून बघत राहिले. शेवटी त्या नजरेपुढे नवलच मटकन खाली बसला.

“शाळा लोटनआप्पांच्या गावाला!” अध्यक्ष गरजले.

नवलनं बसल्या जागी हात जोडले. “धन्य शे आप्पा! गावसाठे असा उभा ऱ्हायनात!”

आप्पांच्या तोंडून कसाबसा आवाज फुटला. “घंटाभरपासून बसाले देखी ऱ्हायनू, भो. गुडघाच वाकत नही. जरा खाले बसाड ना मले.”