विमानाची वाट

आभाळात घरघर झाली की अंथरुणाला खिळलेली राहीबाई डोळे उघडायची. "दादा आला का वं?" विचारायची. तिचा नवरा कारभारी दाराशी जाऊन वर बघायचा आणि म्हणायचा, "येतील आता."

राहीचा भाऊ पुंजाराम उदेपूरकडे जस्ताच्या खाणीत फोरमन होता. गेल्या साली त्यांचे वडील, आबा, राहीच्याच घरी वारले, तेव्हा तो उदेपूरहून औरंगाबादला विमानाने आला होता. तेव्हापासून राहीने शेवगावातल्या आपल्या आळीचे कान किटवले होते. "दोन तास बी लागत न्हाईत. हिकडं माझा सैपाक व्हईस्तवर दादा औरंगाबादेत!" पुढचा एस.टी.चा प्रवास ती हिशेबात धरायचीच नाही. माहेरचं कौतुक, त्याला कोण बोलणार?

सोमवारी डॉक्टरांनी हात टेकले. कारभारी पोस्टात पळाला आणि तार करून आला, 'राही सिरियस. ताबडतोब निघा.' मंगळवार गेला. बुधवारही गेला. विमान वाजायचं, निघून जायचं, आणि राहीचा जीव तसाच घुटमळत राहायचा. पाणी पाजायला गेलं की तोंड फिरवायची. "दादाच्या हातनं घेईन," म्हणायची. कारभाऱ्याला रडू यायचं आणि मेव्हण्याचा संतापही यायचा. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली बहीण, आणि याला दोन तास सवड होऊ नये?

गुरुवारी दुपारी ती गेली. आळीतल्या बायका म्हणाल्या, माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय सवाशीण उचलायची नाही. माहेरात आता त्या एका भावाशिवाय होतंच कोण!

ऊन कलल्यावर पुंजाराम आला. दारात जमलेली माणसं बघून तो थबकला नाही. काय झालं, असं कुणाला विचारलंही नाही. सरळ आत गेला, बहिणीच्या पायाशी बसला, पिशवीतून हिरवं लुगडं काढलं आणि तिच्या अंगावर पसरलं.

कारभाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाव्हणं, लुगडं घ्यायला सवड झाली, आन् विमानानं यायला न्हाई झाली? आज दुपारपतुर वाट बघत हुती ती तुमची!"

पुंजारामचा हात लुगड्यावर तसाच राहिला.

"आज दुपारपतुर?"

"व्हय. तार केली तवा चांगली बोलत हुती."

पुंजाराम बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कारभाऱ्याला सोसवेना.

"दाजी, आबा गेल्यावर बी तुमी 'सिरियस' अशीच तार केल्ती. मानूस वाटंत खचू नये म्हनून तसंच लिवत्यात, ठावं हाय मला. पन त्या विमानात दोन तास मी देवाला हात जोडून बसल्तो, आबाला जिता ठेव म्हनून. आन् हितं आलो तर आबा आदल्या दिशीच गेल्ते."

त्याने लुगड्याची सुरकुती हाताने सारखी केली.

"या खेपेला तार बघितली आन् समजलो, राही गेली. मुद्दाम आगगाडीनं निघालो. म्हनलं, वाटंत पोटभर रडून तरी घ्यावं."