अजून चिकटतंय

शहाण्णव साली, आदिलाबादच्या एका दवाखान्यात भीमपूरची जयवंताबाई टेबलावर पडली होती. भूल कमरेखालीच दिल्यामुळे ती चांगली जागी होती. मधल्या पडद्यापलीकडे तरुण डॉक्टर पहिल्यांदाच एकट्याने कृत्रिम खुबा बसवत होते, आणि सिस्टर कुमुदिनी वाटीत पूड कालवून गोळा करत होती.

"हाताला चिकटतंय का अजून?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"चिकटतंय, सर."

"द्या तसंच. उशीर होतोय."

"चिकटून राह्यलं तं थांब ना बाई," पडद्याआडून जयवंताबाई म्हणाली. "काऊन घाई करता? पानी जास्त झालं असन. वरून मूठभर पीठ टाक."

मास्कमागे सगळे हसले. डॉक्टरांचा पुढे आलेला हातही मागे गेला.

"मावशी, हे भाकरीचं पीठ नाही," कुमुदिनी म्हणाली. "तुमच्या खुब्यात भरायचं सिमेंट आहे. यात वरून काही टाकता येत नाही."



"मंग तं अजूनच थांबा. भाकर बिघडली तं दुसरी थापता येते."