नकाशाची मागची बाजू

त्या दुपारी ध्रुवप्रदेशाच्या जुन्या नकाशाचा शेवटची फाटकी कड मी सांधली. शेजारून बाबा म्हणाले, “चिमटा हलका धर, बाई, हिमनग नाही उचलायचाय!” मग मला चहा टाकायला पिटाळून, रिवाजाप्रमाणे नकाशाच्या मागे दुरुस्ती करणाऱ्याचं नाव लिहायला ते स्वतः बसले. दुसऱ्या दिवशी झोपेतच गेले.

आठवड्याने संग्रहालयाच्या बाई नकाशा न्यायला आल्या. त्यांनी मागची नोंद मोठ्याने वाचली, “सर्व काम मी एकट्याने केले.” खाली बाबांची सही.

“अक्षर किती वेडंवाकडं, आणि काम बघा, केसभर चूक नाही!” त्या भारावून म्हणाल्या.

“सहा वर्षं बाबांचे हात कापत होते,” मी म्हणाले. “हे काम माझं आहे. आधीचे सगळे नकाशेसुद्धा.”