शालनचे तीन मीटर

"काका, दोनशे दहा मीटर झाले. अजून लाव्हाचा खडकच निघतोय. बंद करा आता," भूवैज्ञानिक निलोफर म्हणाली.

लिंबाजीने बोअरचं यंत्र चालूच ठेवलं. आज पाणी लागलं नाही, तर मंगळाच्या या पठारावरची वस्ती उठणार होती आणि शालनची माती इथेच मागे राहणार होती. दोनशे दहाचा आकडा शालनचाच, त्याच्या बायकोचा. वारण्यापूर्वी तिने वहीत लिहिलं होतं: मधली काही लाख वर्षं इथले ज्वालामुखी शांत होते, तेव्हा राखेवर बर्फ साचला, मग नव्या लाव्हाने तो झाकला.

"ती जमिनीपासून मोजायची आणि मी यंत्राच्या मचाणापासून. तीस वर्षं त्यावरून भांडलो. मचाण तीन मीटर उंच आहे, पोरी."

"म्हणजे आपण अजून दोनशे सातवरच आहोत?"

"तिच्या मोजणीने."

तिसऱ्या मीटरला नळीतून करडी राख आली, बर्फाने चकाकणारी. निलोफरने त्याला मिठीच मारली.

आभार मानायची त्यांच्या घरात कधी रीत नव्हती. लिंबाजीने नोंदवही उघडली आणि पहिल्यांदाच जमिनीपासून मोजून खोली लिहिली: दोनशे दहा.