पडायची रांग

"धप्!" एकाच वेळी दहा पोरं पडली. अकरावी थोरली. ती थोडी उशिरा पडली.

रांगेत सगळी सात-आठ वर्षांची, पांढऱ्या पट्ट्यांची. त्यांच्यात ही तेवीस वर्षांची, कमरेला काळा पट्टा. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे तेवढीही अब्रू उरली नव्हती, कारण वासरंच तिच्यापेक्षा बरी पडत होती.

जूडोत पहिल्या दिवशी पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात मॅटवर सपाट आपटायचा. थोरली हे बारा वर्षांपूर्वी शिकली होती आणि विसरूनही गेली होती. गेली सहा वर्षं क्लबात तिला कोणी पाडलंच नव्हतं, मग लक्षात कशाला राहील? आणि महिन्यापूर्वी सरांनी काही न सांगता तिला या रांगेत आणून उभं केलं.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला धाकटी बहीण. दर शनिवारच्या लढतीत हिच्याकडून हरणारी. तिला मात्र सर खांद्यावरून फेकायचा डाव शिकवत होते, हात धरून, पाऊल न् पाऊल. थोरलीच्या अंगाचा तिळपापड होत होता. दोघी एकाच वजनगटातल्या, पुढच्या महिन्यात स्पर्धेसाठी निवड, आणि क्लबातून सर पाठवणार एकच नाव. साधा, सरळ मत्सर होता तो. घरी धाकटीनं चहा केला तर ही तो गार होऊ द्यायची आणि मग मोरीत ओतायची.

आज सरांनी धाकटीची पाठ थोपटली आणि हिचा बांध फुटला. मॅट ओलांडून ती तरातरा गेली.

"सर, दर शनिवारी मी तिला चारी मुंड्या चीत करते. तरी लाड तिचे, आणि मी या चिल्ल्यापिल्ल्यांत! तिचंच नाव पाठवायचंय ना? तोंडावर सांगा की."

"नाव अजून ठरलेलं नाही," सर म्हणाले. "आणि तुला त्या रांगेत घालायचं माझ्या डोक्यात नव्हतं."

"मग कुणाच्या?"

सरांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हिनं?" थोरलीचा आवाज चिरकला. "सख्ख्या बहिणीनं माझा काटा काढला?"

"सर, नका ना सांगू," धाकटी पुटपुटली.

"आता सांगायलाच हवं," सर म्हणाले. "महिन्यापूर्वी रडत आली होती ही माझ्याकडे. म्हणाली, 'मी उचललं की ताई हात टेकायला बघते. खरंच फेकलं तर तिचं मनगट मोडेल. आधी तिला पडायला शिकवा सर, तोवर मी हरत राहते.'"