सुनेचा पायगुण

लग्नानंतर संध्या पहिल्यांदाच ऐरोलीच्या मैदानात मॅच बघायला आली आणि हाफटाइमलाच गावचा संघ तीन-शून्यने पुढे! सासरे शिवाशेठ भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या सुनेचा पायगुन हाय!"

दुसऱ्या हाफमध्ये उरणच्या पोरांनी चार गोल मारले. चौथा गोल गेला, शिट्टी वाजली आणि सगळे ऐरोलीकर डोक्याला हात लावून बसले. त्या शांततेत एकटी संध्या उभी राहून टाळ्या वाजवत होती.

भानावर येताच ती चटकन खाली बसली. "गोल मारला तो... माझा भाऊ हाय."

शिवाशेठ काही बोलणार, तोच सासू पुतळाबाई खुदकन हसली.

"अवो, पायगुन खराच हाय तिचा. फक्त अजून सासरी रुळला नाय."