परत आणणारी शीर

देवकाबाईंना आधी दिसली ती स्वतःच्याच पापणीची सावली.

"काहीच नाई दिसून राह्यलं, बेटा," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. एवढ्यासाठी का सिंदीहून धडपडत वर्ध्याला यायचं?

"डोळा थोडा मागे घ्या, काकू," लीना म्हणाली. ही संशोधन करणारी मुलगी. बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत आणायचं नाही, हा नियम तिनं आज खुंटीला टांगला होता.

मग दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली, फरशी बसवावी तशा एकीला एक खेटून बसलेल्या पेशी. देवकाबाईंच्या नवऱ्याच्या, वासुदेवरावांच्या, हृदयाच्या ऑपरेशनसाठी पायातली शीर काढली होती. तिचा उरलेला तुकडा त्यांनीच हसत हसत सही करून लीनाला देऊन टाकला. ऑपरेशन छान झालं. पुढं वासुदेवराव गेले ते साध्या तापानं. तुकड्यातल्या पेशी मात्र या बशीत जगत होत्या.

"जिवंत हायेत?"

"हो. सकाळीच खायला घातलंय त्यांना."

खायला घातलंय म्हटल्यावर देवकाबाईंचा जीव भांड्यात पडला. लगेच वाटलं, ते आपल्या हातून व्हायला हवं होतं. शिवाय शीर पायातली! त्या पायाला जन्मभर भिंगरी. शिलाई मशीन दुरुस्त करत हा माणूस गावोगाव सायकल हाणायचा, पण दिवेलागणीला दारात हजर. त्या वेळेला देवकाबाईंचे कान अजूनही दाराकडे लागतात. फार आठवण यायची त्यांना, आणि कुणाला सांगायची लाज वाटायची.

लीनानं बर्फातली कुपी उचलली.

"आता यातले थेंब द्यायचे. पेशींना वाढायला सांगणारं द्रव्य आहे हे. शीर रक्त हृदयाकडे परत आणते, धमनी बाहेर नेते. या थेंबांनी शिरेतल्या पेशी आपली ओळख सोडून धमनीसारख्या होऊ लागतात का, ते बघायचंय. पिकल्या वयातल्यासुद्धा. ते कळलं, तर हृदयाला जोडलेली पायाची शीर जास्त टिकवता येईल."

देवकाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"म्हणजे परत आणणारीले तू बाहेर नेणारी करून राह्यली?"

लीना हळूच म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात, तर नाही करत."

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. बशी पदराखाली झाकून घरी न्यावी, इतका जीव तुटत होता. पण सही वासुदेवरावांची होती, आणि त्यांनी दिलेला शब्द देवकाबाईंनी कधी मोडला नव्हता.

"टाक," त्या म्हणाल्या. "घरात बसून राह्यणारा मानूस नोयता तो. जितेपनी कधी अडवलं नाई, आता काऊन अडवू?"

थेंब पडले. बशीतल्या पाण्याचा रंगसुद्धा बदलला नाही.

"हे थेंब बंद केले, तर पयल्यासारख्या होतात का त्या?"

"काही होतील, काही नाही होणार. खरं सांगू? मलाही माहीत नाही, काकू. दिवस लागतील कळायला. निघा आता, तुमची गाडी चुकेल."

देवकाबाईंनी स्टूल ओढलं आणि पदर सावरून बशीसमोर बसल्या.

"चुकू दे. यांची वाट पाह्याची सवय हाये मले."